मास्कचं अस्तर

लस टोचून झाल्यावर अर्धा तास बसायचं होतं. माझ्या मागच्या बाकावर एक शिंपी आणि त्याचे शेजारी, रिटायर गुरुजी, यांची जुंपली होती.

"सरकारनं आधी झोपा काढल्या आणि मग एका दमात सगळं बंद केलं. वर्षभर घसा फोडून हेच सांगतोय मी!"

"पण आत्ता दंडात लस गेली, ती कुणी दिली, गुरुजी?"

"त्या नर्सबाईंनी! तुझा मंत्री आला होता का सुई घेऊन?"

"तुम्हाला काही म्हणजे काही पटायचं नाही."

"मग सरकारचं एक काम दाखव, माझ्या उपयोगी पडलेलं."

"मी शिवून दिलेला तुमचा हा मास्क उलटा करा. आतलं अस्तर बघा."

"जांभळं आहे. बरं, मग?"

"तो शिवला तेव्हा कापडाची दुकानं बंद होती. माझ्याकडे सरकारात बसलेल्या आमच्या पक्षाचे झेंडे शिवून उरलेला तागा होता. वर्षभर शिव्या दिल्यात ना सरकारला? सगळ्या त्यांच्याच झेंड्यातून गाळून आल्या!"

"अरे लबाडा! वर्षभर हेच तोंडाला बांधून फिरलो मी?"

"आणि धडधाकट राहिलात. आता तरी म्हणा, सरकारनं वाचवलं."

"सरकारनं कुठलं, गाढवा? तू वाचवलंस. आता त्याच ताग्यातले आणखी दोन शिवून दे. अजून पुष्कळ शिव्या शिल्लक आहेत."