वळचणीची पन्हळ

सोलापुरातल्या हार्डवेअर दुकानात माझ्यापुढं कुंभारी गावचं एक जोडपं होतं. घराच्या वळचणीला नवी पन्हळ घ्यायची होती.

"पत्र्याचीच घेऊ, चंद्रव्वा. प्लास्टिक उन्हात तडकतंय."

"तडकू दे. पत्र्याची नको."

"पत्र्याला भ्याले म्हणून लोक हसतील की."

"हसू देत. माझ्या बसलिंगला काय झालं, इसरला?"

"तवा वायर उघडी हुती. आता बदललीया."

"आपल्याच पन्हळीत करंट उतरला, अन् माझा भाऊ तितंच चिकटला. तुमी शेतात हुता. मी बगितलं."

"वाचला न्हवं?"

"वाचला. पर उजवा हात अजून उचलत न्हाय. आन् आपली पोरं तितंच खेळत्यात."

तो दुकानदाराकडं वळला.

"शेठ, प्लास्टिकची दावा. गेल्या गेल्या जुनी उतरवतो."

"आदी मेन बंद करायचा. त्याबिगर शिडीला हात लावायचा न्हाय."

"व्हय."