जोडाक्षराशिवाय आभार

माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले छापखानावाले; व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, पार्सल ऑफिसचे साहेब; व्यापारी मंडळाचे पदाधिकारी; समोर बसलेल्या दुकानदार बंधूंनो आणि भगिनींनो; आणि नंतर चहा आहे असं कळल्यावर आलेल्या मंडळींनो,

आज तुम्ही मला निरोप देताय. मी कुठे जात नाहीये. दोन गल्ल्यांपलीकडे घर आहे, तिथेच सापडेन. उजवा हात थरथरायला लागलाय, म्हणून नातीच्या बॅग दुरुस्तीच्या दुकानात आभाराच्या चिठ्ठ्या लिहिणं थांबवतेय, एवढंच. त्यासाठी हॉल घेतलात, फुलं आणलीत. तुमची हौस.

नातीनं मला दोन पानी भाषण लिहून दिलंय. पहिल्याच ओळीत सहा जोडाक्षरं. मी ते घडी घालून ठेवून दिलं. माझी शाळा जोडाक्षरं यायच्या आतच सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी मी निघाले. वाचायचं अडखळत का होईना निभावते, पण लिहिताना एका अक्षराला दुसरं चिकटवणं आजही जमत नाही. आणि साहेब, खरं सांगू का, दुकान त्यावरच चाललं.

कसं ते सांगते. आमचे हे गेल्यावर दुकान नातीनं घेतलं. पोरगी हाताची पक्की. चेन बसवावी, रनर बदलावा, बंद शिवावा तर तिनंच. पण गिऱ्हाईक एकदा यायचं ते पुन्हा तोंड दाखवायचं नाही. तिनं स्वतःला तीन महिने दिले होते. नाही जमलं तर कुलूप लावून कुठेतरी काउंटरवर नोकरी. मग कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की प्रत्येक बॅगेसोबत आभाराचं कार्ड द्यायचं. हिनं छापून आणली. ‘आपल्या बहुमूल्य विश्वासाबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत.’ छापली कुणी, ते विचारू नका, अध्यक्षसाहेबांना अवघडल्यासारखं होईल. माणसं बॅग घ्यायची आणि कार्ड काउंटरवरच ठेवून जायची. एकानं तर त्यावर फोन नंबर लिहून घेतला आणि तेवढाच तुकडा फाडून नेला.

मी म्हटलं, “आण इकडे कागद. मी लिहिते.”

“आजी, तुला ‘धन्यवाद’ तरी लिहिता येतं का?”

लिहून दाखवलं. ‘धनेवाद’. पोट धरून हसली. मग मी ‘आभार’ लिहिलं. त्यात काही चिकटवायला लागत नाही. तेव्हापासून माझं ठरलं, जो शब्द सुटा आहे तोच लिहायचा. आता सांगा, सुट्या शब्दांत थापा कशा मारणार? ‘बहुमूल्य’ गेलं, ‘अत्यंत’ गेलं, ‘विश्वास’ गेला. मग उरलं काय? समोरची बॅग. तिच्यात काय दिसतं ते लिहायचं.

एका बाईंच्या बॅगेत टाकलेल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं: ‘बॅग आणलीत, बरं वाटलं. चेन नवी लावली. खालची शिवण जुनी आहे, मला तिचा भरवसा नाही. उसवली तर आणा, फुकट शिवू. आभार.’

काय लिहिलं ते मी नातीला सांगितलं, पण बॅग गेल्यावर. मग काय विचारता! “आजी, आपल्याच कामाला आपणच नावं ठेवायची? असं कुणी करतं का?” दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी पुढच्या चिठ्ठ्या लिहीत बसले. मला काय, माझं बरं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी हेच साहेब, हो, तुम्हीच, हातात ती चिठ्ठी घेऊन दुकानात उभे. नातीला वाटलं तक्रार आहे. पोरगी पटकन म्हणाली, “माफ करा, आजीची शाळा कमी झालीय.”

साहेब म्हणाले, “शाळेचं राहू दे. बहिणीची बॅग होती, शिवण खरंच उसवली. आमच्या पार्सलवाल्यांच्या पिशव्या सगळीकडून दुरुस्त करून घेतो. आजवर कुणी सांगितलं नाही की पुढे कुठे फाटणार आहे.”

त्या पिशव्या आजही आमच्याकडे येतात. कुलूप लागलं नाही.

आता हात गेला. म्हणून मघाशी अध्यक्षसाहेबांनी भाषणात तोडगा काढला, की माझं अक्षर मशीनवर उतरवून घ्यायचं आणि हजार चिठ्ठ्या छापायच्या. टाळ्या पण पडल्या. अध्यक्षसाहेब, तुमचा छापखाना नामांकित आहे, तुमचा मान मोठा आहे. पण मला एक सांगा, हजार बॅगांची शिवण एकाच जागी उसवते का? हसू नका हो, मी विचारतेय.

नातीनं लिहावं, हे मी म्हणत होते. ती घाबरत होती. शिकलेली आहे ना, पेन हातात घेतलं की तिला ‘अत्यंत’ आठवतं. लोक माझ्या वेड्यावाकड्या अक्षरासाठी येतात असं तिच्या डोक्यात. मी नसले की संपलं. खरं सांगायचं तर, मलाही थोडी धाकधूक होती. ती मी तिला दाखवली नाही, तुम्हीही सांगू नका. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसलीय, म्हणजे आता कळलंच.

काल दवाखान्यातल्या सिस्टरची बॅग दुरुस्त होऊन गेली. चार दिवस उशीर झाला होता. चिठ्ठी नातीनं लिहिली. आधी काहीतरी लांबलचक लिहून खोडलेलं, आणि खाली: ‘उशीर झाला, चूक माझी. तुम्ही तोवर पिशवीतून डबा नेत होतात, ते मी पाहिलं. पट्ट्याला पितळी कडी लावलीय, गंजणार नाही.’ जोडाक्षरं होती. ती तिला येतात, तिनं का लिहू नयेत?

आज सकाळी सिस्टर परत आल्या. मी मागे खुर्चीत होते. म्हणाल्या, “आजींनी लिहिली का?” नात म्हणाली, “नाही, मी.” सिस्टरनी “असं होय” म्हटलं, आणि नवऱ्याची बॅग काउंटरवर ठेवली. “हिचं काय होतंय ते बघ, आणि खरं काय ते लिही.”

मी उठले आणि घरी जाऊन झोपले. भर सकाळी. कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते.

तुम्ही बोलावलंत, वेळ काढलात, मंडळाचे आणि साहेबांचे आभार. बोलताना चुकून कुणाला लागलं असेल तर म्हातारीला माफ करा. मुद्दाम लागलं असेल, तर तो माणूस स्वतःला ओळखतो. आता चहा आणा, निवला असेल तर पुन्हा गरम करा.