माझी चित्रं आनि तेजूची कार्डं

काय सांगू तुमाला, मी चिरनेरची, बाप मिळेल त्या कामाला जायचा, आनि बबलगमसारखी चैन आमच्या घरात नव्हतीच, पन माझा भाऊ सुरेश कुठून कुठून आनायचा, गम तो चघळायचा आनि आतलं क्रिकेटवाल्याचं चित्र मना द्यायचा. मागं त्याच्या धावा, इकेटी लिवलेल्या असायच्या, मना पाढे नाय आले पन ते सगळं पाठ व्हतं. एका उंच बॉलरचं चित्र गावात कोनाकडंच नव्हतं, तर भाऊ सायकल दामटत उरणला गेला, आपली सात चित्रं देऊन ते एक घेऊन आला, मना म्हनला घे, जप. भाऊ आता नाय हो. लवकर गेला.

लगीन होऊन कामोठ्याला आली ती बिस्किटाच्या डब्यात चित्रं घेऊन. सासूनं डबा उघडला, म्हनली कोन गं हे सगळे बापे, यांचे फोटो कशाला ठेवलेस? मी घाबरलीच, म्हनलं आई, हे क्रिकेट खेळतात. तिनं एकेक हातात घेऊन बघितला, म्हनली बरे हायत दिसायला, असूदे. मग कंटाळा आला की म्हनायची, तो मिशीवाला दाखव.

आता माझी लेक तेजू कालेजात हाय, सोताच बॉलिंग टाकते. तिची कार्डं बघाल तर बघतच राव्हाल, जाड, चमकनारी, कशावर खेळाडूची खरी सही, कशात त्याच्या जर्सीचा तुकडा, एकेकावर नंबर, तसली किती छापली त्याचा, आनि पाकीट फोडल्याबरोबर कार्ड प्लास्टिकमदी, बोट लावायचं नाय. आमी रबर लावून ठेवायचो, कोपरे मुडपले तर मुडपले. ही मोबाइलवर परदेशातल्या मानसांशी अदलाबदल ठरवते, घाबरत नाय. मना लई कवतिक वाटतं.

मागल्या वर्षी पनवेलात एका हॉलमदी कार्डवाले जमले व्हते, तेजू मना घेऊन गेली, म्हनली तुझा डबा पन घे. तिथं एक हापिसातला साहेब माझ्या उंच बॉलरपाशी उभाच राह्यला, म्हनला ताई, लहानपनापासून हे एकच राह्यलंय माझं. त्याच्याकडं एका बाई बॉलरचं सहीचं कार्ड व्हतं, आनि तेजूची नजर काय त्याच्यावरनं हलंना. मी म्हनलं, बदलायचं का? तेजूनं माझा हात धरला, नको आई, मामाचं हाय ते. मी म्हनलं, मामानं पन बदलूनच आनलं व्हतं गं. आनि दिलं. साहेबानं दोन्ही हातांनी घेतलं. घरी येईपर्यंत मी दोनदा डबा उघडून बघितला, खोटं कशाला सांगू.

तेजूनं ते कार्ड आरशापाशी लावलंय, सरावाला जाताना बघून जाते. मी पन झाडू मारताना थांबते. आमच्या येळच्या चित्रांत एक बी बाई नव्हती, आनि बाई का नाय, हे इचारायचं मना कधी सुचलंच नाय बघा. पोरीला सुचलं. तिचा हात असाच चालूदे, दुसरं काय मागू.