एका सिस्टीम कॉलच्या पानापायी

...नाई, मले एक सांगा, एक पान लिहाले माणसाले किती दिवस लागावं? पुस्तक नाई, पोथी नाई, एक पान! आमच्या धंद्यात लग्नाचा मांडव म्हणा, नवरीची गाडी म्हणा, सारं फुलाइनं भरून मी दुपारच्या आत मोकळा होतो, अन् आमची बायको दसऱ्याच्या झेंडूपासून जे पान लिहाले बसली ते तुरीच्या शेंगा बाजारात आल्या तरी लिहूनच राह्यली. पान कायचं? त काँप्युटरच्या एका सिस्टीम कॉलचं. आता सिस्टीम कॉल म्हणजे काय ते मले इचारू नका... इचारलं? बरं, सांगतो. मले आता ते सारं सांगता येते, तेच त माहं दुखणं हाये.

मी गोपाल, अमरावतीत गांधी चौकाजवळ फुलाचं दुकान हाये माहं. बायको रागिणी, अकोल्याची, इथी एका कॉलेजात काँप्युटर शिकवत होती. ते कंत्राट संपलं. मंग पुण्याच्या एका कंपनीतल्या विपुलसरचा फोन आला. ते काँप्युटर चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या सिस्टीमचं मराठीतून मॅन्युअल करून राह्यले होते, पोट्ट्याइले आपल्या भाषेत वाचता यावं म्हणून. बोलणं एकदम इस्त्री केल्यासारखं : "मॅडम, नमुन्याचं एक पान लिहून द्या. पसंत पडलं तर अख्खं मॅन्युअल तुमचं, अमरावतीत बसून लिहा. नाहीतर मग आमच्याकडे पुण्यात टेस्टिंगची एक जागा आहे, ती घ्या." ऐकलं तुमी? पान पास, त बायको घरी. पान नापास, त बायको अन् तीन वर्षाची पोरगी पुण्याले, अन् मी इथी एकटा हार गुंफत! दुकान काय पिशवीत घालून नेता येते? म्हणून मी पह्यल्याच दिवशी म्हटलं, बाई वो, लवकर लिह्य, लवकर पाठव, अन् मोकळी हो. पण रागिणी करून पाह्यल्याशिवाय लिहिते कुठी?

तुमाले सांगतो, सिस्टीम कॉल म्हणजे प्रोग्रामनं काम करून घ्याले काँप्युटरच्या कारभाऱ्याले मारलेली हाक, अन् या कॉलचं नाव सेट-एन-एस. म्हणजे पाहा, काँप्युटरमध्ये जे प्रोग्राम चालू असतात त्याइले प्रोसेस म्हणतात. या प्रोसेसाइचे घरं असतात, त्याले म्हणतात नेमस्पेस. ज्या घरात प्रोसेस राह्यते तिले त्याच घरातलं दिसते, शेजारी कोण हाये, हे तिच्या गावीच नसते. कोण्या प्रोसेसले दुसऱ्या घरी जा लागलं, त तिनं या कॉलच्या हाती त्या घराची चावी द्याची अन् घर कोण्या जातीचं ते सांगाचं. झालं. जमलं त उत्तर येते शून्य, नाई जमलं त उणे एक. मी म्हटलं, एवढंच? हे त मी पावतीच्या मागं लिहून देतो.

पण नाई. एक ओळ लिहाची, ती मशिनवर करून पाहाची, मंग ती ओळ घेऊन दुकानात याची अन् मले वाचून दाखवाची. मी सुई-दोरा घेऊन शेवंतीत बुडालेलो, समोर गिऱ्हाईक, अन् ही इचारते, "समजलं?" मी म्हणतो, हाव, समजलं. "समजलं असन त सांगा मंग." आता काय सांगू, कपाळ? ती ओळ फाडते, घरी जाते, नवी लिहिते, करून पाह्यते, अन् परत येते. रागावणं नाई, चिडणं नाई. मी म्हटलं, अवो, मी धाव्वी नापास माणूस, माह्यासाठी काहून लिहितं? त म्हणते, "तुमाले समजलं त कोण्याही पोट्ट्याले समजन." ही माही तारीफ होती का काय होती, मले अजून उमजलं नाई.

एक डाव मी म्हटलं, एका ओळीत लिहून टाक नं, का कोणीही कोण्याही घरी जाऊ शकते. त मले खुर्चीवर बसवून दाखवलं तिनं. एका जातीचं घर असं हाये का ज्या प्रोसेसनं संगं चार धागे, म्हणजे तिच्याच पोटात एकाच वेळी चालणारे कामं, आणले तिले दारातूनच परत पाठवतात, एकट्यानं याचं असन त ये म्हणतात. खरंच उणे एक आलं, मी या डोळ्याइनं पाह्यलं. असं वाटलं का बायको नाई, डॉक्टर हाये. नाडी हाती धरल्याशिवाय औषध लिहित नाई. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत सुटलो मी, आमच्या घरी असं असं चाललं म्हणून.

अन् मंग आली ती ओळ! पानात सारं झालं होतं, एकच घर राह्यलं होतं, नंबराचं घर. हरेक प्रोसेसले नंबर असते, तिनं नवी प्रोसेस काढली त ते तिचं लेकरू, अन् या घरात नंबराची मोजणी आपली आपली असते. कंपनीच्या जुन्या कच्च्या कागदात लिहिलं होतं का कॉल केला म्हणजे प्रोसेस त्या नंबराच्या घरची होऊन जाते. विपुलसर फोनवर, "मॅडम, ती ओळ तशीच ठेवा आणि पाठवून द्या, सोमवारी मला वर दाखवायचंय." मी इकडून हात जोडून राह्यलो, पाठव बाई, पाठव! रागिणी म्हणते, "करून पाह्यलं, सर. उत्तर शून्य येते, पण प्रोसेस तिथली होत नाई. तिचा नंबर जुन्याच घरचा राह्यते. त्यानंतर तिले जे लेकरू होईन नं, ते नव्या घरचं." तिकडून आवाज आला, "असं कसं? आम्ही आजवर हेच वापरत आलोय." "मले सोमवारपर्यंत वेळ द्या," रागिणी म्हणे. फोन ठेवला. माहं काळीज पुण्याच्या गाडीत जाऊन बसलं. म्हटलं, गेली नोकरी! एक ओळ दुसऱ्याची लिहिली असती त काय आभाळ पडलं असतं? पण रागिणी करून पाह्यल्याशिवाय लिहिते कुठी?

आता इथून पुढं जे झालं ते माह्या तोंडापायी झालं. तुमाले ठाऊक हाये, आपल्याकडं लग्नात सुनेचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात. माह्या मायनं, जयवंताबाईनं, हौसेनं नाव ठेवलं होतं हर्षा. रागिणीनं लिहू दिलं, नमस्कार केला, अन् म्हणे, "नाव छान हाये आत्याबाई, पण मी रागिणीच." तव्हापासून माय हाक मारते, "हर्षा वो!" अन् घरात कोणीच उठत नाई. भांडण नाई काही नाई, माय हाका मारते, ही बसून राह्यते. अशा घरात, जेवताना, मी शहाणा मायले सांगाले गेलो. म्हटलं, माय, पाह्य नं, रागिणी लिहून राह्यली, का सून सासरी गेली तरी तिचा नंबर माहेरचाच राह्यते.

मायचा घास हातातच. "कोणाले लिहून राह्यली?"

म्हटलं, पुण्याच्या विपुलसरले.

झालं. ताट सरकवलं. "म्हणजे माह्या घरच्या गोष्टी आता पुण्याले चालल्या! नाव बदललं नाई तिनं, मी एका शब्दानं बोलली का? अन् माह्यावर पान लिहिते? तेही छापाले?" मी सांगून राह्यलो, अवो माय, ते काँप्युटरचं हाये, त म्हणते, "काँप्युटरले सासर असते का?" लुगडे पिशवीत, पिशवी काखेत, अन् धामणगाव रेल्वे गावी बहिणीकडं जाण्यासाठी ऑटो बोलवाले सांगते. इकडं सोमवार डोक्यावर, तिकडं माय दारात. मले वाटलं, आता रागिणीचंही डोकं फिरन. अन् फिरलं असतं तरी मी तिले बोल लावला नसता.

पण तुमाले सांगतो, ती उठली, मायची पिशवी हळूच खाली ठेवली, अन् मायले मशिनपुढं बसवलं. "आत्याबाई, इथं पाहा. हे प्रोसेस. हा तिचा नंबर. आता मी तिले दुसऱ्या घरी पाठवतो." टकटक केलं. "हा पाहा, नंबर तोच. ती मनानं गेली, तिले तिथचं दार उघडं झालं, तरी मोजणीत मागल्याच घरची राह्यली. तिची चूक नाई, तिथल्या लोकाइचीही चूक नाई. घरच तसं बांधलं हाये. आता तिले लेकरू होऊ देतो... हे पाहा. हे लेकरू नव्या घरचं. या घरात याचा नंबर हा."

मायनं चष्मा पुसला. परत पाह्यलं. मंग पडद्याकडं नाई, आमच्या पोरीकडं पाह्यलं, ते माह्या झेंडूच्या टोपल्यात बसून पाकळ्या तोडून राह्यली होती. म्हणते, "म्हणजे हे माह्या घरची."

"साऱ्याच बाजूनं तुमच्या घरची, आत्याबाई."

मायनं खुर्ची पुढं ओढली. मंग म्हणे, "रागिणी, परत एक डाव करून दाखव बरं." नाव ऐकलं तुमी? सहा वर्षात पह्यल्यांदा. खरं सांगतो, माहे डोळे भरून आले. मी याच बायकोले दुसऱ्याची ओळ खपवाले सांगत होतो. मायशी जे बोलली तेच रागिणीनं पानात लिहिलं, सासर-माहेर सोडून. "हाक मारणारी प्रोसेस स्वतःच्या मूळ क्रमांक-घरातच राहते, त्यानंतर जन्मणारी तिची अपत्ये नव्या घरात जातात." वाचून दाखवलं. मी पह्यल्या झटक्यात सांगून दाखवलं. माय त माह्याही आधी.

सोमवारी रागिणी दुकानात असतानाच फोन. विपुलसर, आवाजाची इस्त्री पार उतरलेली : "मॅडम, मी स्वतः करून पाहिलं. तुमचीच ओळ बरोबर. आमचा एक प्रोग्राम जुन्या ओळीच्या भरवशावर लिहिलाय, तो का अडतो ते आज कळलं. मॅन्युअल तुमचं. अमरावतीतूनच करा." मी पूर्ण दुकानात गुलाब वाटले, गिऱ्हाइकाइले काय, बाजूच्या रसवंतीवाल्यालेही. तेवढ्यात सर इचारते, "पण हे इतकं सोपं लिहिता कसं?" अन् आमची बाई, खोटं त तिले येतच नाई, म्हणते, "हरेक ओळ आधी आमच्या घरच्याइले वाचून दाखवतो. त्याइले समजली का मंगच ठेवतो." सर म्हणते, "वा, हीच पद्धत शेवटपर्यंत ठेवा."

मी हासत हासत इचारलं, शेवटपर्यंत म्हणजे किती पानं? त रागिणी म्हणे, असे कॉल तीनशेच्या वर हायेत.

तव्हापासून हे असं हाये पाहा. काल एक जण लग्नाचे हार न्याले आला, वरात दारात उभी, घोडा तयार, "भाऊ, लवकर द्या." म्हटलं, थांबा राजेहो, माहं फोर्क नावाच्या कॉलचं पान समजाचं राह्यलं हाये.