फोटोच्या मागचं धुकं

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवू नका, आज तरी नको.

रेमेतवहिनी, मुलांनो, आणि कामावरून तसेच थेट आलेले तुम्ही सगळे. मला खरं तर बोलायचं नव्हतं. मी म्हटलं होतं, मी फोटो करून आणतो, बोलायला दुसरं कुणीतरी बघा. आता फोटोही धड झाला नाही आणि बोलायलाही मीच उभा आहे.

मघापासून तुम्ही या टेबलाकडे बघताय. हार आहे, मेणबत्ती आहे, वहिनींनी घरून आणलेला क्रूस आहे. आणि फ्रेममध्ये आपला इनास. त्याच्या चेहऱ्याभोवती पांढरी कडा आलीय, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. कुणी काही विचारलं नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. मीच सांगतो. तो फोटो मी केलाय. आणि तो बिघडलाय.

ज्यांची त्याच्याशी फारशी ओळख नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. इनास मूळचा वसईचा. इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. मंगळवारी सकाळी कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेला आणि ड्राइव्हवेमध्येच खाली बसला. वहिनींना वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्याहून लहान होता हो तो!

पण तुमच्यातल्या बहुतेकांना तो माहीत आहे तो फोटोमुळे. आपल्यापैकी कुणाचे आई-वडील तिकडे मायदेशी वारले, की आपण काय करायचो? फोनवर रडायचो. फ्लाइट मिळायची नाही, रजा मिळायची नाही, मिळाली तरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. मग हार घालायला फोटो शोधायचो, तर धड फोटो नसायचा. कुणाच्या तरी लग्नातला, मुंजीतला, दहा माणसांत अर्धा चेहरा दिसणारा. तो घेऊन आपण इनासकडे जायचो.

देशपांडे, तुम्ही इथे आहात म्हणून तुमचंच सांगतो, रागावू नका. तुमच्या वडिलांचा फोटो आठवतो? एका बाजूला तुमची आत्या, दुसऱ्या बाजूला आचारी, आणि बरोब्बर डोक्यामागे फ्रिज. फ्रिजवर प्लास्टिकची फुलं. इनासने आत्या काढली, आचारी काढला, फ्रिज काढला. आणि अण्णांच्या मागे धुकं घातलं. मऊ, करडं, खांद्यापाशी दाट आणि वर जाता जाता उजळणारं. तुम्ही तो हातात घेतलात आणि म्हणालात, "काय सुंदर हो! हिमालय वाटतोय अगदी." इनास म्हणाला, "हं, तिकडचंच." मी आत लाँड्रीत, म्हणजे त्याच्या डार्करूममध्ये, जाऊन हसलो.

मंडळी, तो हिमालय नाही. ते आपलं इथलं रेल्वेलाइनपलीकडचं कब्रस्तान आहे.

तुमच्या घरी आई-वडिलांच्या मागे जे धुकं आहे ना, ते तिथलं आहे. सगळ्यांच्या. त्याने लपवलं नव्हतं. तो म्हणायचा, विचारलं तर सांगू. कुणी विचारलंच नाही.

थंडीत धुकं पडलं की उजाडायच्या आत त्याचा फोन यायचा. "सुधीर, आलंय. ऊठ." धुकं आलंय असंसुद्धा म्हणायचा नाही. पाहुणा आल्यासारखं, आलंय. मी शिव्या घालत उठायचो. थडग्यांमध्ये ट्रायपॉड लावून आम्ही उभे. नाकातून पाणी, हात बधिर. तो मला शिकवायचा. कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या मीटरचं ऐकू नकोस, मीटरला धुकं कळत नाही, तो त्याला मळकं करून टाकतो, तू उजेड थोडा जास्त दे. सगळं दिसायची वाट बघू नकोस, एक क्रूस पुरे, निलगिरीचं एक गमट्री पुरे. मी म्हणायचो, अरे इनास, लोक बीचवर जातात, तू इथे का येतोस?

एकदाच सांगितलं त्याने. म्हणाला, "मी आईच्या मातीला पोचलो नाही. तिच्या दिवशी मेणबत्ती लावायला मला इथे जागा नाही. म्हणून कुणाच्या तरी आईजवळ लावली. तेव्हा धुकं होतं. धुक्यात नावं वाचता येत नाहीत ना. कुठलाही दगड तिचाच वाटतो."

मग मी कधी विचारलं नाही.

तिथला केअरटेकर आम्हाला ओळखायला लागला होता. पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने हटकलं, "यू राइट, मेट? तुमचं कुणी आहे का इथे?" इनास हसून म्हणाला, "नॉट येट, मेट." नॉट येट. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो होतो.

आता या फोटोचं सांगतो. बुधवारी वहिनींनी मला फोटो दिला. देशपांड्यांकडच्या बार्बेक्यूतला, ॲप्रन घातलेला, हातात चिमटा, काहीतरी वात्रट बोलून झाल्यावर हसतो तसा हसणारा. मागे कपडे वाळत घातलेले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "सुधीरभाऊ, त्यालापण तिकडेच, त्या धुक्यात घाला. सगळ्यांच्या आईबाबांना घातलं त्याने. त्याला एकट्याला कपड्यांपुढे ठेवू नका."

मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? मी इतकी वर्षं त्याच्या लाँड्रीत उभा राहिलेला माणूस. खिडकीला काळ्या पिशव्या, वॉशिंग मशीनवर ट्रे, लाल दिवा. "शनिवारी आर्वोला ये," म्हणायचा, आणि मी दुपारी जायचो. मला सगळं माहीत होतं. आधी फोटो छापायच्या यंत्रात चेहऱ्याची निगेटिव्ह लावायची, मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा धरायचा, म्हणजे उजेड फक्त चेहऱ्यावर पडतो. मग धुक्याची निगेटिव्ह, आणि आता चेहरा झाकायचा, तारेला लावलेल्या गोल पुठ्ठ्याने. दोन्ही वेळा हात हलता ठेवायचा. सारखा हलता. हात थांबला की कडा उठते. तो माझ्या मनगटावर चापट मारायचा. "हलव रे. बघत काय बसलास? हलव."

मंडळी, माझा हात थांबतो. मी काय करू? अंधारात, त्या कागदावर, उजेडात तोच येतो. काळ्याचं पांढरं झालेलं असतं, तरी तोच. दातांतली फट दिसते. मी बघतो, आणि हात थांबतो. पहिला बिघडला, दुसरा बिघडला. कागदांचं पाकीट संपलं, नवीन आणलं, तेही संपवलं. प्रत्येक कागदावर कडा. लोकांच्या आईबापांचे फोटो करताना मी शेजारी उभा होतो, मला वाटायचं, हे हाताचं काम आहे. शिकलं की येतं. ते तसं नाही हो.

माझी मुलगी युनीत शिकते. ती म्हणाली, "बाबा, जस्ट स्कॅन इट. कॉम्प्युटरवर अर्ध्या तासात होईल." करून आणलं तिने, प्रेमाने केलं. कडा नव्हती, काही खोट नव्हती. पण ते कुठलंच धुकं नव्हतं. तिथे कुणी मेणबत्ती लावलेली नव्हती. मी तिला थँक्यू म्हटलं आणि परत लाँड्रीत गेलो.

वहिनी, मला माफ करा. मला जमलं नाही. तुम्ही एकच गोष्ट मागितली होती. काल माती दिली त्याला, तेव्हा वाटलं होतं, निदान आज तरी धुकं पडेल. कसलं धुकं? लख्ख ऊन. एकेक नाव वाचता येत होतं. केअरटेकर टोपी काढून बाजूला उभा होता.

तिथून परत येताना देशपांडे मला म्हणाले, घरी या, चहा घ्या. गेलो. त्यांच्या हॉलमध्ये अण्णांचा फोटो आहे. मी तो पहिल्यांदाच एवढा नीट बघितला. अण्णांच्या उजव्या खांद्यामागे धुक्यात एक झाड आहे. पुसट, पण आहे. देशपांडे, ते कुंपणाकडचं गमट्री आहे. काल सकाळी आपण इनासला ज्याच्या खाली ठेवलं, तेच.

म्हणजे तो त्या धुक्यात पोचला होता. मी कागद नासत बसलो होतो, आणि तो तुमच्या सगळ्यांच्या भिंतीवर आधीच पोचला होता. याने मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. मला तो फोटो करायचा होता.

मंडळी, घरी गेल्यावर फोटो उतरवू नका. कुठल्या धर्माचं धुकं, म्हणून आपसात बोलू नका. तुमच्या आईला हार घालाल तेव्हा एक फूल त्याच्यासाठीही वाहा. त्याचं तिथे आता कुणीतरी आहे. तुमची आई आहे.

आता उभे राहूया. थोडा वेळ कुणी बोलू नका. या टेबलावरच्या फोटोकडे बघू नका, तो चुकलेला आहे. डोळे मिटा आणि तुमच्या घरातला फोटो आठवा. खांद्याच्या मागे बघा, जिथे धुकं दाट आहे तिथे.

इनास, आम्ही सगळे आलोय रे.