उद्याचा वस्तरा

बसलेल्या समद्या मंडळींना हात जोडते. आष्टीहून, वडवणीहून पाव्हणे आलेत. नांदेडहून हे सरदारजी आलेत. मला सभेत बोलायची सवय न्हाई. मग कावून उभी ऱ्हायले? कारण उद्या मालकांचा दहावा हाय. उद्या बोलून उपेग न्हाई.

आमचं मेंढरांचं घर. तुमी मालकांना लई हसायचा. मेंढरांची लोकर कातरतो आन सोताचे केस वाढवतो, म्हणायचा. ते बी हसायचे.

आता कुणी म्हणतं, ते शीख झालते. कुणी म्हणतं, आपलेच होते. मी त्यांची बायको हाय, माझं ऐका. ते झाले नव्हते. व्हायचं का, ते बघत होते.

मेंढरं घेऊन नांदेडकडं गेलते, तवा पहिल्यांदा गुरुद्वाऱ्यात गेले. देवापुढं जायचं म्हणून पायरीवर पटका काढून काखेत घेतला. आपली रीतच ती. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो परत त्यांच्या डोक्याला गुंडाळला आन पंगतीत नेऊन बसवलं. जात कंची, कुणी इचारलं न्हाई. घरी येऊन म्हणाले, "माझं डोकं एवढ्या मायेनं कुणी झाकलं न्हाई."

मग जात ऱ्हायले. अमृत घ्या, शीख व्हा म्हणून तिथं कुणी मागं लागलं न्हाई. मी मात्र भांडले. खंडोबाचं कोण करणार, म्हणले. त्यांनी केस कापले न्हाईत, आन खंडोबाची जत्रा बी चुकवली न्हाई.

त्यांचं बघून आमच्या पोरानं, मल्हारीनं बी केस राखलेत. उद्या घाटावर न्हावी बसंल. पोरानं डोकं दिलं न्हाई तर कावळा पिंडाला शिवायचा न्हाई, असं दादा म्हणतात. दादा, तुमी माझे थोरले दीर. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला न्हाई. पण केस ठिवू का काढू, हेच दवाखान्यात पोरानं बापाला इचारलं होतं. तुमी खाटंपाशीच होता. काय म्हणाले ते? "माझ्यासाठी ठिवू नको. माझ्यासाठी काढू बी नको."

ऐकलं का न्हाई तुमी?

मग पोराला धरून बसवणारे तुमी कोण? आन सरदारजी, सकाळी तुमी बी त्याला बाजूला घेऊन बोललात. मी बघितलं. बापाचा रस्ता अर्धा ऱ्हायला. पोरानं पुढं जायचं का मागं फिरायचं, ते त्याला ठरवू द्या. तो काय करंल, मला बी ठावं न्हाई. मला भ्या वाटतं. तरी सांगते, त्याला कुणी हात लावायचा न्हाई.

आता मालकांसाठी घडीभर उभं ऱ्हाऊ. आपली माणसं टोपी काढतील, हे सरदारजी डोकं झाकून ऱ्हातील. दोन्ही मानच हाय. मल्हारी, डोक्यावरचा पटका तू तुझ्या मनानं काढ न्हाईतर ठिव. आन मंडळी, डोळे मिटा. माझ्या पोराच्या डोक्याकडं कुणी बघू नका.