भिंत नाही फोडाची

मोताळ्याच्या एसटीत मागच्या सीटवर म्हातारे पुंजाजी एसीवाल्या गजेंद्रशी बोलत होते आणि पुढे बसलेली नूरबी कान टवकारून ऐकत होती.

"नव्या एसीले भिंतीतली जुनी तांब्याची नळी चालीन ना बे?"

"नाही काका, मोजली मी. ते तीन सुताची हाय, याले चार सुताची लागते. भिंत फोडा लागीन."

"भिंत नाही फोडाची."

"काऊन?"

"जयमाला सासरी गेली तवाचे तिच्या हळदीच्या हातांचे ठसे हायेत तिथं."

"मंग नवी नळी बाहेरून फिरवतो."

"फिरव. बाळंतपणाले येऊन राह्यली पोरगी. खाट तिथंच टाकतो, एसीखाली."

नूरबी गर्रकन मागं वळली.

"भाऊ, भिंत राहू द्या, पण खाट हलवा! बाळंतिणीच्या अंगावर गार वारा सोडता काय?"